सात वारांची किल्ली

सेर्वा म्हणजे वाघीण. कुमासीच्या बाजारात कोकोच्या दलालांशी भांडताना तिची जीभ कधी अडखळली नाही. पण हल्ली फोन वाजला की ती हातातलं काम टाकून आधी तो बघायची.

कोकोच्या कापलेल्या बीचा फोटो बघून माल नीट आंबलाय की कच्चा, हे सांगणारा प्रोग्रॅम तिने वर्षानुवर्षं खपून लिहिला होता. परदेशातली एक कंपनी म्हणाली, आधी कोड पाठवा, तपासतो, मग करार. सेर्वा काय दुधखुळी होती? तिने कोड कुलूपबंद करून पाठवला. सही झाली की किल्लीचा शब्द मिळेल. चुकीचा शब्द टाकला, तर इकडे तिचा फोन वाजून तो शब्द दिसायचा. मात्र पाठवलेलं कुलूप आता तिलाही बदलता येत नव्हतं. आणि किल्ली ठेवताना तिने आपली माणसं करतात तेच केलं होतं. जन्माच्या वारावरून मुलाला जे नाव मिळतं, ते घेतलं होतं.

सही राहिली बाजूला, फोनच वाजू लागला. आधी नुसतं चाचपडणं, आकडे, इंग्रजी शब्द. सेर्वाला हसूच आलं. आज दुपारी मात्र आलं 'अद्वोआ', सोमवारच्या मुलीचं नाव. मग मंगळवारचं. मग बुधवारचं. गोऱ्यांना हे कुठून सुचणार? तिकडे आपल्यातलाच कुणी बसलाय. आणि वार तर सातच.

शेवटी रविवारचं, तिचं स्वतःचं 'अकोसुआ' आलं. फोन वाजला, म्हणजे चुकलं. त्यापुढे तिने आजी तिला ज्या नावाने चिडवायची ते जोडलं होतं, ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या जिवात जीव आला.

आई उखळात फुफूच्या गोळ्यासाठी उकडलेले कंद कांडत होती. "काय गं, भूत बघितल्यासारखी बसलीयस?"

"माझं कुलूप कुणीतरी फोडतंय, आई. आपल्यातलंच."

"काहीतरीच. तो अंत्वी बघ, परदेशात एवढ्या मोठ्या कंपनीत लागला, तरी विसरला नाही. आत्ताच फोन आला होता. म्हणे, मावशी, तुमच्या हातच्या सुपाची आठवण येते."

अंत्वी. तिच्या वर्गातला, याच घरात तिच्याबरोबर एका भांड्यात जेवलेला.

"आणखी काय विचारलं त्याने?" सेर्वा उठून आईजवळ आली.

"काही नाही गं. आजी तुला काय म्हणून चिडवायची, ते आठवत नव्हतं बिचाऱ्याला. 'मीठचोर' म्हटल्यावर केवढा हसला."

सेर्वा फोनकडे बघत राहिली. तो आता वाजत नव्हता.

"थांबलं बाई एकदाचं ते वाजणं," आई म्हणाली. "चल, हात धू. जेवून घे."