तिसरी दांडी मुकी झाली तेव्हा

रोदोपीच्या डोंगरांत बेलोरेच नावाचं गाव आहे. नदीच्या अलीकडे बाजार आणि नगरपालिका, पलीकडे शाळा आणि उतारावरची घरं. मधे लोखंडी दोरांना उभ्या दांड्यांनी टांगलेला, झुलणारा पायपूल. शरद ऋतूत गाव सकाळचे दोन तास धुक्यात बुडालेलं असतं. माणसं एकमेकांना आधी खोकल्यावरून ओळखतात आणि मग चेहऱ्यावरून.

या गावच्या नगरपालिकेत सेवदा केहायोवा संगणक सांभाळायची. वय एक्कावन्न, नवरा नाही, घरात ब्याऐंशी वर्षांचे वडील. बोलणं कमी. कामात असली की ओठ हलायचे, जणू पडद्यावरच्या आकड्यांना ती काहीतरी समजावून सांगत असावी.

नगरपालिकेनं तक्रारींसाठी एक पान सुरू केलं होतं. दिवा बंद आहे, नळ गळतोय, कठडा तुटलाय, काहीही कळवा. पण आधी खातं उघडा, ईमेल द्या, मोबाईल द्या, पासवर्ड ठरवा, आणि त्यात एक मोठं अक्षर नि एक आकडा हवाच. आठ महिन्यांत अकरा तक्रारी आल्या. त्यातल्या सात एका निवृत्त गणिताच्या मास्तरांच्या.

"लोक समाधानी आहेत," उपनगराध्यक्ष कालोयान बैठकीत म्हणाले.

"लोक दारातूनच परत जातायत, साहेब," सेवदा म्हणाली. "ते खातं काढून टाकू या. ज्याला लिहायचं त्यानं लिहावं. पान त्याला तीन शब्द देईल. ते शब्द टाकले की तक्रारीचं काय झालं ते कळेल, पुढचं काही सांगायचं असेल तर तेही लिहिता येईल. आणि सगळ्या तक्रारी सगळ्यांना वाचता येतील."

"नाव नाही, गाव नाही, आणि तक्रार घ्यायची?"

"खड्ड्याला कुठं नाव असतं, साहेब?"

बैठकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. कालोयान यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "आणि कुणी शिव्या लिहिल्या तर?"

"मी वाचल्याशिवाय काहीच दिसणार नाही. शिव्या मी खाईन."

तीन महिन्यांपुरती परवानगी मिळाली. सेवदानं ते पान स्वतः बांधलं. शब्दांची यादी करायला तिला आठ दिवस लागले, आणि तिच्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते. लोकर, नेचा, घुंगरू, ताक, उंबरठा, मेंढी, राख. म्हाताऱ्यांच्या तोंडात बसलेले शब्द तिनं एकेक करून वेचले. तक्रार कुठल्या यंत्रावरून आली याची नोंद पान आपोआप ठेवत होतं, ते तिनं बंद करून टाकलं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयात एक संगणक ठेवला. तिथली ग्रंथपाल फिदांका मावशी आठवड्याच्या तक्रारी मोठ्या अक्षरांत छापून दारावर चिकटवायची.

पहिल्या पंधरवड्यात गावानं पाणी जोखलं. एकानं विचारलं, उपनगराध्यक्षांची मिशी खरी का? एका बाईनं नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार केली. कुणी बटाट्याच्या पातात्निकची कृती पाठवली आणि खाली लिहिलं, 'शाळेच्या खानावळीत हे करतात ते चूक आहे.' सेवदानं ती तक्रार शाळेकडे पाठवली. मग बेकरीसमोरचा दिवा लागला आणि पानावर त्याच्यापुढे 'झालं' असा शब्द उमटला. त्या दिवसापासून ग्रंथालयाच्या दारापाशी माणसं थबकायला लागली.

"अगं, दिवा मी कळवला होता," एक म्हणायची.

"चल, तो मी कळवला!" दुसरी म्हणायची.

आणि आत फिदांका मावशी पुस्तकावरची धूळ झटकत गालातल्या गालात हसायची.

ऑक्टोबरात एका सकाळी सेवदाच्या पडद्यावर एकच ओळ आली. 'पायपुलाचा सूर उतरलाय.'

तिनं ती तीनदा वाचली. पुलाला सूर असतो हे तिला माहीत होतं, पण तिनं कधी मनात शब्दांनी म्हटलं नव्हतं. वारा आला की दोरांतून एक गुणगुण निघायची. लहानपणी तिला वाटायचं, नदी झोपेत बोलते आहे.

ती कागद घेऊन पेयचेव अभियंत्याकडे गेली. पेयचेव म्हणजे पोट सुटलेला, दमेकरी, स्वभावानं बरा माणूस.

"सेवदाताई, पूल आहे की गायदा? कातडी पिशवीत फुंकर मारून वाजवू का? वसंतात रंग दिलाय त्याला."

"रंगानं सूर कसा कळेल?"

"सुरानं तरी पूल कसा कळेल?"

ती परत आली. त्या माणसाला विचारायला दुसरी वाट नव्हती, म्हणून तिनं त्याच तक्रारीखाली सर्वांदेखत लिहिलं, 'कधी ऐकू येतं? कुठे उभं राहून?'

दुसऱ्या दिवशी उत्तर होतं. 'पहाटे, धुकं असताना. बाजाराकडून तिसऱ्या उभ्या दांडीवर हात ठेवा. ती आता मुकी आहे. तिच्या दोन्ही शेजारणी मात्र चढ्या झाल्यात.'

या वेळी पेयचेव हसला नाही. त्यानं चष्मा काढला. "शेजारणी चढल्या म्हणतो?"

"म्हणतो की म्हणते, काय माहीत. का हो?"

"एकीनं भार टाकला की तो शेजारणींवर पडतो. जास्त ताणली की तार चढी बोलते." त्यानं खुर्ची मागे सारली. "उद्या सहाला पुलावर ये."

दुसऱ्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की पुलाचं दुसरं टोक दिसतच नव्हतं. फळ्या ओल्या होत्या. खालून नदीचा आवाज येत होता, पण नदी नव्हती. वर घंटांचा आवाज येत होता, पण मेंढ्या नव्हत्या. सेवदानं हातमोजा काढून पहिल्या दांडीवर तळवा ठेवला. लोखंड थंडगार होतं आणि आतून थरथरत होतं, मांजराच्या पोटासारखं. दुसरी दांडी जास्त थरथरत होती. तिसरीवर तिनं हात ठेवला आणि तिथं काहीच नव्हतं. नुसतं लोखंड.

"पेयचेव," ती हळूच म्हणाली.

तो फळीवर पालथा पडून टॉर्चनं खाली बघत होता. मग कठड्याला धरून उठला. "खालची खीळ गंजून तुटलीय. वरून रंगाची साल तेवढी शाबूत. चौथीचीही अर्धी गेलीय." त्यानं घड्याळ पाहिलं. "पावणेआठला दीडशे पोरं येतील इथून."

सात वाजता पुलाच्या दोन्ही टोकांना दोर बांधले. पोरांना मोठ्या रस्त्यानं वळसा पडला, आया करवादल्या, कुणी पेयचेवला 'लोखंडाचा वैद्य' म्हणालं. पण तुटलेली खीळ त्यानं ग्रंथालयाच्या खिडकीत ठेवली आणि दुपारपर्यंत करवादणं थांबलं.

मग गावाला एकच ध्यास लागला. कोण? गायदा करणारा म्हातारा, म्हणे. नाही, चर्चमध्ये गाणारी विधवा. नाही, पोस्टवाली, ती रोज पहाटे पूल ओलांडते. ज्याला विचारावं तो 'मी नाही' म्हणायचा, पण अशा हसऱ्या तोंडानं की नकाराचा होकार व्हावा.

कालोयान यांनी सेवदाला बोलावून घेतलं. "ग्रामदिनाला सत्कार करायचाय. फुलं, फोटो, सगळं. नाव सांग."

"नाव नाहीये, साहेब."

"संगणकात कुठंतरी असेलच की."

"ठेवलंच नाही, तर असेल कुठून?"

"अगं, चांगल्यासाठी विचारतोय!"

"नाव चांगल्यासाठीच विचारतात," सेवदा म्हणाली. आणि मग, ती कधी बोलत नसे ते बोलली. "माझ्या बाबांनी तरुणपणी खाणीच्या धुळीबद्दल एक अर्ज लिहिला होता. खाली झोकात सही केली. चांगल्यासाठी म्हणून त्यांना चौकीवर बोलावलं. तीन दिवसांनी परत आले. त्यानंतर त्यांनी आजवर दाराच्या घंटीवरसुद्धा नाव लावलेलं नाही. तेव्हा खाली सही नसती तर धूळ खोटी ठरली असती का?"

कालोयान यांनी समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली. त्यांचेही वडील त्याच खाणीत होते. "बस," ते म्हणाले. "कॉफी घे." तीन महिन्यांच्या मुदतीचा विषय त्यांनी त्या दिवसानंतर काढला नाही.

मोह मात्र सेवदालाही झाला. त्या तक्रारीखाली तिनं एकदा लिहिलं, 'तुम्ही कोण आहात?' त्या शब्दांकडे ती बघत बसली. आपण एखाद्या झोपलेल्या माणसाच्या तोंडावरचं पांघरूण ओढतोय असं तिला वाटलं. तिनं ते पुसलं आणि लिहिलं, 'खिळी बदलतोय. झाल्यावर ऐकाल का?'

सहा आठवड्यांनी पूल उघडला. तिसऱ्या दिवशी ओळ आली, 'दुसरी अजून थोडी चढी आहे.' पेयचेव तोंडानं पुटपुटत, पण पाना घेऊन, गेला. तिथं तो एकेका दांडीला कान लावून ऐकत होता असं पोस्टवालीनं सगळ्या गावाला सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा ओळ. 'आता बरं वाटतंय.' त्यानंतर त्या तक्रारीचे तीन शब्द टाकून कुणी काही लिहिलं नाही.

हिवाळाभर तक्रारी येत राहिल्या. शेजारच्या दोन गावांतली माणसं बसनं येऊन पान कसं बांधलं ते शिकून गेली. सेवदानं त्यांना शब्दांची यादी मात्र दिली नाही. "तुमच्या म्हाताऱ्यांना विचारा," म्हणाली.

एप्रिलच्या एका सकाळी ती पुलावर उगाचच रेंगाळली आणि कचेरीत उशिरा पोचली. पडद्यावर नवी तक्रार होती. 'ग्रंथालयामागच्या चेरीला कपडे वाळवायची तार कुणी आवळून बांधलीय. साल फुगलीय.' नियमानं ती उद्यान विभागाकडे जायला हवी होती आणि उद्यान विभागाला तिथं पोचायला पंधरा दिवस लागले असते. सेवदानं खणातून पक्कड काढली.

चेरी नुकती फुलली होती. तार सालीत रुतली होती, ती सोडवायला तिला अर्धा तास लागला, आणि तोवर तिचे केस, खांदे, पक्कड सगळं पाकळ्यांनी पांढरं झालं. समोरच्या इमारतीत चाळीसेक खिडक्या होत्या. एकीचा पडदा हलला असावा, किंवा वारा असेल. सेवदानं वर पाहिलं नाही. खोडावरच्या खोल वळावरून तिनं अंगठा फिरवला, तार गुंडाळून खिशात घातली, आणि कचेरीत जाऊन त्या तक्रारीपुढे 'झालं' असं लिहिलं.