लाऊ डॉक्टर आणि डागवाल्याचा शेवट

लाऊ डॉक्टर दात काढताना गोष्ट सांगत आणि ती नेमकी अडलेल्या जागी सोडून देत. नायक कड्याच्या टोकाला उभा, मागे राजाची फौज, खाली नदी, आणि डॉक्टर हात धुऊन म्हणत, "चूळ भरा. पुढचं शुक्रवारी." रोगी तोंडात कापूस धरून हातवारे करी. त्याचा काही उपयोग होत नसे.

यामागे विचार होता. गिरणीतला माणूस दुखणं असह्य झालं की येई, दात उपटून घेई आणि पुन्हा फिरकत नसे. जखम पिकली तरी नाही, शेजारची दाढ किडली तरी नाही. लाऊंचे वडील बोटीने चीनहून आले होते ते दात काढायची हत्यारं आणि एक जुना जाडजूड ग्रंथ घेऊन. त्या ग्रंथातला प्रत्येक अध्याय असाच मध्येच तोडलेला होता. बाजारात बसून गोष्टी सांगणाऱ्यांची ती जुनी रीत, असं डॉक्टर म्हणत. "कथेकऱ्याला श्रोता परत हवा असतो, मला दाढ परत हवी असते." मला ही युक्ती पटली होती. धाक घालून कोणी परत येत नाही.

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. आता तिथे मसाल्याची चक्की आहे. डॉक्टर ही पदवी त्यांना लालबागने दिलेली. जन्म माझगावचा. मराठी ते रोग्यांकडून शिकले, त्यामुळे सुरुवात 'आई गं'पासून झाली आणि शिव्या सगळ्यात आधी पाठ झाल्या. त्या ते स्वतः कधी देत नसत, पण कोणी चुकीची दिली तर सुधारून देत.

मी लग्न होऊन आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालली होती. आमचे हे गिरणीतली पाळी संपली की मोर्चाला. एका हरताळाच्या दिवशी पोरं दुकानं बंद करत आली. डॉक्टरांनी दार ओढून घेतलं, पण एक फळी उघडी ठेवली. पोरांचा पुढारी चिडला.

"डॉक्टर, सगळं लालबाग बंद आहे. तुम्ही काय वेगळे?"

"दुकान बंदच आहे. पण दाताला हरताळ ठाऊक नाही. तुझा गाल का सुजलाय?"

"ते राहू द्या."

"घोषणा उजव्या बाजूने देतोयस. अर्धाच महाराष्ट्र मिळेल. आत ये."

तो आत गेला. बाहेरच्या पोरांनी त्याची वाट पाहत पायरीवर बसून गोष्ट ऐकली, आणि पुढच्या शुक्रवारी सगळीच हजर झाली, दुखत असो वा नसो.

गोष्ट त्याच ग्रंथातली होती. एक साधा शिपाई. वजिराच्या मुलाने त्याच्या बायकोवर नजर टाकली, म्हणून खोटा आळ घेऊन त्याला हद्दपार केलं आणि गुन्हेगार म्हणून गालावर डागलं. तो पळून एका दलदलीत गेला. तिथे त्याच्यासारखेच नाडलेले लोक जमले. सरकारी खजिना लुटायचा, गरिबाला हात लावायचा नाही, असा त्यांचा कायदा. नायकाचं चिनी नाव सासूबाईंच्या तोंडी बसेना. त्या त्याला डागवाला म्हणत आणि दलदलीला खाजन.

सासूबाई मालवणकडच्या. सारी उमर गिरणीच्या वाइंडिंग खात्यात गेलेली, तोंडातले बहुतेक दात तंबाखूने खाल्लेले. त्या एकेक दात काढून घ्यायला जात आणि मी सोबतीला. डॉक्टरांची गोष्ट मुकाट ऐकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"खाजनात घोडो चालता खंय? पाय रुततलो त्याचो."

"मावशी, घोडा काठावर बांधला."

"मग तसा सांग. होडी खंय हा? होडीशिवाय खाजनात रवतत काय?"

डॉक्टरांनी होडी घातली. ग्रंथातही आहे म्हणाले, सांगायची राहिली होती.

असं करत शेवटची किडकी दाढ राहिली. डॉक्टर सरळ माणूस, त्यांनी सांगून टाकलं, "मावशी, आता ही काढली की संपलं. गोष्टही तेवढीच उरलीय."

त्यानंतर सासूबाई दुकानाकडे फिरकेनात. दुखत नाही म्हणाल्या. एका बाजूने चावू लागल्या, मग चावायच्या थांबल्या. लुगड्याला लवंगेच्या तेलाचा वास. एका सकाळी बघते तर गाल डोळ्यापर्यंत चढलेला, अंगात ताप, पेजेचा घोटही उतरेना. शेजारच्या इमारतीत असाच विषार चढून एक बाई गेली होती. मी त्यांचा हात धरला आणि जिना उतरवला. डॉक्टरांनी औषध देऊन आधी सूज उतरवली. पण दाढ काढायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी ओठ मिटून घेतले. मी फारच आग्रह केला तेव्हा मिटल्या ओठांतूनच म्हणाल्या, "दाढ गेली तर माका हय येवक कारण काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ही दाढ आज गेली पाहिजे. कशी ते तुम्ही बघा."

"बरं मावशी. दाढ राहू दे. नुसतं औषध लावतो." त्यांनी हिरडीला बधिर करायचं औषध लावलं आणि खुर्चीजवळ उभे राहून सांगू लागले. राजाचा दूत होडीतून दलदलीत आला. सगळे गुन्हे माफ, असं फर्मान. सोबत रेशमी झगा. दरबारात या, मान मिळेल. डागवाल्याचे सोबती म्हणाले, जाऊ नकोस. डागवाला रात्रभर विचार करत बसला. सकाळी त्याने झगा अंगावर चढवला.

"आणि गेला," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंचं तोंड उघडलं. "गेलो? मेल्या, सरकारान बोलावल्यान म्हणान तो—"

वाक्य तिथेच राहिलं. दाढ बशीत होती.

डॉक्टरांनी कापूस दाबून बसवला. "आता अर्धा तास तोंड उघडायचं नाही, मावशी." आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कोणी अडवलं नाही. दरबारात डागवाल्याचा सत्कार झाला, त्याला सरकारच्या लढाया लढायला पाठवलं, सोबती एकेक करून मेले आणि शेवटी वजिराने त्याच्या मद्यात विष घातलं. संपलं. सासूबाई डोळे वटारून खुर्चीचे हात बडवत होत्या. मी हसू दाबत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या जिना उतरल्या. खुर्चीत न बसता डॉक्टरांच्या स्टुलावर बसल्या. "आता तू गप रव. मी सांगतंय." त्यांचा डागवाला गेला नाही. त्याने दूताला जेवू घालून परत पाठवलं आणि सांगितलं, राजाला गरज असेल तर राजाने वहाणा काढून खाजनात यावं. डॉक्टर म्हणाले, "ग्रंथात असं नाही." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या ग्रंथाक लालबाग ठावक नाय." पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी माझी अक्कलदाढ दुखू लागली. डॉक्टरांनी नेहमीसारखं औषध लावलं आणि विचारलं, "शेवट कुठला सांगू? ग्रंथातला की तुमच्या सासूबाईंचा?"

घरी भात चढवायचा होता. मी म्हटलं, "जो लवकर संपेल तो."

"मग ग्रंथातला," डॉक्टर चिमटा उचलत म्हणाले. "तुमच्या सासूबाईंच्या शेवटात राजा अजून होडीच शोधतोय."