दुसऱ्याच्या जोत्यावरचा गहिवर

"तुझं ते छापून आलेलं सूनबाईनं वाचून दाखवलं," आत्या म्हणाली. "डोंगर हिरवेगार, पाणी अमृतासारकं, माणसं साधीभोळी. समदं ऐकलं. पण गाव कुठलं व्हतं ते काय कळलं नाय."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि तिची सूनबाई म्हणजे माझी बायको. वडील गेल्यापासून आमच्याकडेच असते. गुडघे गेले, दृष्टी गेली, जीभ मात्र शाबूत आहे. माझं लालबागला घड्याळ दुरुस्तीचं दुकान. रस्त्यावर पेटी मांडून बसण्यापासून सुरुवात केली, आता वर पाटी आहे. हौस म्हणून गावोगाव फिरतो आणि पाहिलेलं मासिकांना लिहून पाठवतो. ओळखीचे लोक कौतुक करतात. आत्याने कौतुक केलं नाही.

"मग काय लिहू?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"आपल्या कुडपणला जा. आमच्या घराचं जोतं हाय का बघून ये. आसंल तर हाय म्हण, नसंल तर नाय म्हण. एकदा कळू दे, म्हंजे त्याचा विचार करायचा सोडते मी."

आई-बाप गेल्यावर आत्या आणि माझे वडील चुलत्याबरोबर डोंगर उतरले आणि दासगावला गलबतात बसून मुंबईला आले. दोघंही पुन्हा गेले नाहीत. पण मी लहानाचा मोठा झालो तो त्या घराच्या गोष्टींवर. दार उगवतीला, समोर डोंगराची खिंड, खिंडीतून सूर्य थेट उंबऱ्यावर. न पाहिलेल्या घराची आठवण येते म्हटलं तर लोक हसतील, पण मला यायची. बाजारात नाचणीचं पीठ दिसलं तरी यायची.

तेव्हा पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, दुकान कारागिरावर सोपवलं आणि महाडची एसटी धरली.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. खिडकी उजव्या हाताची घ्यावी आणि धुळीची तक्रार करू नये. पेणपर्यंत रस्ता माणसासारखा आहे, पुढे त्याच्या मनात येईल तसा. दासगावजवळ सावित्री दिसते, रुंद, मातकट, संथ. गाडी थांबली तेव्हा मी उगाचच उतरून पाण्याकडे पाहत उभा राहिलो. एक होडी उलटी घालून तिला डांबर फासत होते, बाकी काही नव्हतं. कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं, नदी हितंच ऱ्हाणार हाय. गाडी नाय राहायची."

महाडला मुक्काम करावा. स्टँडजवळच्या खाणावळीत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली, भरपूर आणि स्वस्त. महाड हे कोर्टाचं गाव, त्यामुळे शेजारच्या पाटावरची बोलणी कानावर येतातच. घड्याळवाल्याचे कान. काटा कुठे अडतोय हे मला आधी ऐकू येतं, मग दिसतं.

"नाव लागलं काय तुझं जमिनीवर?"

"लागलं आसतं. पण मालकाचा पुतण्या उगवला मुंबयवरनं. वीस वर्सं त्वांड नाय दावलं, आन् कुळकायदा आला म्हणताना धावत आला बघ."

"मुंबयवाला आला की समजावं, कायतरी न्यायला आलाय."

दोघे हसले. मीही भाकरीत हसलो. ते बोलणं दुसऱ्या दिवशी माझ्याच अंगावर येणार होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

सकाळच्या गाडीने पोलादपूर. तिथून पुढे पायांचा भरवसा. कुडपण वर पठारावर आहे, गाडीरस्ता नाही. बाजाराला आलेल्या माणसांबरोबर चढावं, वाट चुकत नाही आणि गप्पा होतात. बरोबर काठी, पाणी, आणि ज्यांच्या घरी जाल त्यांच्यासाठी चहापूड नि साखर. मिठाई नेऊ नये, चढणीच्या घामात तिचा लगदा होतो. माझा झाला.

वर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. आमच्या भावकीतला एक जण राहतो तिथे. त्याला मी इथे धोंडू म्हणतो. त्याचं नाव धोंडू नाही. का ते पुढे कळेल. चाळिशीचा, सडसडीत, बोलायला गोड. मी कोण ते सांगताच त्याने आधी पाणी दिलं, मग गूळ दिला, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मी जोत्याचं विचारलं.

"जोतं ना? हाय की!" तो म्हणाला आणि मला वाडीच्या टोकाला घेऊन गेला. फणसाखाली दगडी चौथरा होता, फटींतून गवत वाढलेलं. "ह्येच तुमचं घर, दादा."

मी बसलो त्याच्यावर. हात ठेवला दगडावर. दगड दिवसभराच्या उन्हाने ऊबदार होता, आणि खरं सांगतो, मला गहिवर आला. इथे वडील रांगले असतील, इथे आत्याने त्यांना कडेवर घेतलं असेल. मनातल्या मनात लेखाची सुरुवातसुद्धा जुळली. चांगली जुळली होती.

मग पायऱ्यांकडे लक्ष गेलं. पायऱ्या मावळतीला होत्या.

"धोंडूभाऊ, आत्या म्हणते दार उगवतीला होतं."

"व्हतं ना! मागनं फिरवलं."

"जोतं फिरवलं?"

"तवाची मानसं लई ताकदीची, दादा."

परत येऊन पडवीत पाय धूत होतो तेव्हा आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. दबका, पण तापलेला.

"वरल्या म्हातारीचं जोतं दावलंव त्यास्नी? लाज नाय वाटत? रडाया आलता तो मानूस!"

"मंग त्यांच्या घराच्या जागंवरलं शेत दावू? मुंबयचा हाय गो तो. कायदा बोलला तर? आजापास्नं कसतोय आपण."

"आन् त्याच्या म्हातारीनं इचारलं तर?"

"तिला काय दिसतंय हितनं? आन् एवढा डोंगर चढून आला, त्याला 'नाय' सांगून रिकामा धाडू? त्ये बरं दिसंल?"

मी ओल्या पायांनी तसाच उभा राहिलो. त्याच्या खोटेपणात भीती होती आणि पाहुण्याची कीवही होती, दोन्ही अगदी खऱ्या. राग यायला हवा होता, पण लाज आली ती माझ्या गहिवराची. परक्या म्हातारीच्या चौथऱ्यावर बसून तो किती खराखुरा आला होता! ऐकू आलं नसतं तर मी तो तसाच छापला असता आणि वाचणाऱ्यांचेही डोळे पाणावले असते.

जेवायला बसलो. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ताक. वहिनी वाढताना माझ्याकडे बघत नव्हती. पहिला घास खाऊन मी म्हटलं, "धोंडूभाऊ, घर झकास आहे. भिंत मात्र कुडाची. फार बोलकी असते."

त्याचा हात ताटातच राहिला. वहिनीने तोंडाला पदर लावला.

"मला जमीन नको," मी म्हटलं. "नांगर कुठल्या बाजूने धरतात ते मला ठाऊक नाही. उद्या कुणी मला शेत दिलं तर मी त्याला किल्ली कुठे द्यायची ते शोधत बसेन. घरी एक म्हातारी वाट बघतेय. तिला खरं सांगायचंय, एवढंच."

धोंडू बराच वेळ माझं तोंड न्याहाळत राहिला. बाजारात बैल पारखतात तसा. मग वहिनीच हसून म्हणाली, "पिठलं निवतंय, भावजी. सकाळी जावा दोघं. मीच दावते, ह्ये नाय दावलं तर."

सकाळी आम्ही गेलो. वाडीच्या वरच्या अंगाला नाचणीचं शेत, कणसं तपकिरी होऊन मुठीसारखी मिटलेली. समोर खिंड. तीच असणार, कारण आम्ही उभे होतो तेवढ्यात सूर्य तिच्यातून वर आला आणि उजेड थेट आमच्या पायांपाशी पडला.

"छप्पर गेलं, मंग भिंती पावसानं इरघळल्या," धोंडू हळू आवाजात म्हणाला. "कोन येतंय का म्हणून आज्यानं लई वाट बघितली. मंग दगड काढलं आन् बांधाला लावलं. नायतर माती वाहून जाते हितं."

बांधात ते दगड ओळखू येत होते. बाकीचे गोटे, आणि हे घडीव, टाकीचे घाव असलेले. मी त्यांच्यावरून हात फिरवला. दव पडून गार झाले होते. गहिवराची वाट पाहिली. आला नाही. नुसतं उभं राहावंसं वाटलं, आणखी थोडा वेळ, आणि मग आणखी थोडा.

"लिवणार काय ह्ये?" धोंडूने विचारलं.

"लिहीन. तुझं नाव लिहिणार नाही, शेताची खूणही देणार नाही."

"मंग लोकांनी खरं कसं धरायचं?"

उतरताना पाठीवर त्याने दिलेलं नाचणीचं गाठोडं होतं.

वाचकहो, आता तुमच्याही लक्षात आलं असेल की वर मी दिलेल्या वाटेने जाऊन तुम्हाला ते शेत सापडणार नाही; धोंडूला दिलेल्या शब्दासाठी खुणा बदलल्या आहेत. त्याबद्दल माफ करा. एसटी, खाणावळ, चढण, सूर्य आणि बोलणी मात्र जशी भेटली तशी आहेत.

घरी पोचलो तेव्हा आत्या भिंतीला टेकून बसली होती. सूनबाईने तिच्या हातात नाचणीची मूठ दिली. मी सगळं सांगितलं. खोटं जोतंही सांगितलं, त्यावर ती मनापासून हसली. मग म्हटलं, "आपलं जोतं नाही, आत्या. शेत आहे तिथं. दगड बांधाला लागलेत."

मला वाटलं रडेल. ती नाचणीचे दाणे बोटांनी चाचपत होती.

"नाचणी कशी हाय?"

"चांगली. कणसं भरलीत."

"समदीकडं सारकी, का एका जागी उंच?"

"म्हणजे?"

"आईची चूल व्हती रे मागल्या दाराला. राख तिथंच ओतायची. किती वर्साची राख मुरलीय त्या मातीत. तिथली नाचणी उंच आसंल."

मी खिंड पाहिली होती, सूर्य पाहिला होता, टाकीचे घाव पाहिले होते. पीक कुठे उंच नि कुठे बुटकं, ते पाहिलं नव्हतं. 'हो, आहे उंच' म्हणायला काय लागलं असतं? तिला दिसणार नव्हतं, मला पुन्हा कोण विचारणार होतं! शब्द अगदी ओठांवर आले होते.

"तेवढं पाहिलं नाही, आत्या."

तिने मान हलवली. माझा हात चाचपडत शोधला आणि धरून ठेवला.

"बरं झालं बोललास. आता बाकीचं समदं खरं धरते."

विचार करायचा सोडते म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी मी दुकानाला निघालो तर ती सूनबाईला विचारत होती, यंदा तिकडे नाचणी कधी कापतील.