बोळातला तमाचा

विठाबाईनं काठी धरली ती गुडघ्यासाठी. पण गल्लीत त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. "गुडघा धडधाकट हाय तिचा, जीभ टेकायला काठी लागती," असं दुधाची गिऱ्हाइकं म्हणत, तेही ती पाठमोरी झाल्यावर.

तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. दूध पातळ आहे म्हणणाऱ्याला "मग नळाखाली तोंड धर की," असं सुनावून त्याचा रतीब आपणहून बंद करणारी बाई ती. नवरा गिरणीत होता तोवर त्याच्यावर ओरडायची. तो गेला, पोरबाळ नव्हतं, मग म्हशीवर ओरडायला लागली. म्हशीचं नाव चांदी, आणि साऱ्या जगात त्या एका जनावरावर तिचा लोभ होता.

माडीवर राहणाऱ्या नंदिनीला मात्र त्या काठीचं नवल वाटायचं. म्हातारीची काठी बारीक असते, वर वाकडी मूठ असते. ही सरळ होती, मनगटाएवढी जाड, आणि धरायच्या जागी काळं पडलेलं चामडं शिवलेलं. एकदा तिनं विचारलंच.

"बाऽचं चामडं हाय ते," विठाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या बाऽच्या गदग्याचं. लाकूड किडलं, कातडं ऱ्हायलं. मोच्याकडनं ह्यावर चढवून घेतलं. झालं समाधान? आता भांडं धरा, मला चार घरं हायत."

बाप म्हणजे आकाराम वस्ताद. गल्लीच्या तोंडाशी जी तालीम आहे, तिथं ते फरी-गदगा शिकवायचे. डाव्या हातात फरी, म्हणजे लहान ढाल, आणि उजव्या हातात गदगा, म्हणजे चामड्यानं मढवलेला आखूड सोटा. तलवार हातात देण्याआधी पोराचा हात त्यावर बसवायचा. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, हा नेम. पण वस्तादाला घरी सरावाला समोर कुणीतरी लागे, आणि घरात एक विठाच होती. परसात तिच्या डाव्या हातात पितळी ताट देऊन वस्ताद तिला उभं करीत.

त्यांची एक शिस्त होती. वार करण्याआधी त्याचं नाव घ्यायचं, मोठ्यानं. थेट डोक्यावर येतो तो 'शीर'. उजवीकडून फिरून समोरच्याच्या डाव्या कानशिलावर बसतो तो 'तमाचा'. उलट्या हातानं दुसऱ्या बाजूला तो 'बाहेरा'. "नाव न घेता हाणलंस तर ती मारामारी झाली. नाव घेतलंस तर खेळ," असं वस्ताद म्हणत, आणि पोरगी नाव विसरली की पोटरीवर फटका देत. फटके खाऊन खाऊन विठाचं मनगट आणि जीभ एकत्रच हलायला लागली. पुढं लग्न झालं, गदगा सुटला. ती सवय काही सुटली नाही. साप मारतानासुद्धा "शीर!" म्हणून ओरडलेली ती.

घरमालक बाळासो. त्याच्या बापानं विठाबाईच्या नवऱ्याला मागची खोली आणि तिला लागून गोठा दिला होता. बाळासोला ती सगळी मागची बाजू आता हवी होती. देवीच्या दर्शनाला परगावचे लोक वाढले होते, तिथं लॉज बांधायचं त्याच्या डोक्यात होतं. माडीवरच्या लोकांनी दिवाळीनंतर जायचं कबूल केलं होतं. विठाबाई जाणार नव्हती. जाऊन चांदीला बांधणार कुठं?

बाळासो आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. आधी त्यानं नळ बंद केला. मग खोलीतून रस्त्याला यायचा जो एकच बोळ होता, त्यात जुनी कौलं रचून ठेवली. बोळ आधीच इतका चिंचोळा, की समोरून माणूस आला तर एकानं भिंतीला पाठ लावायची. कौलं म्हशीनंच पायाखाली तुडवली. तेव्हा बाळासो टोपी सारखी करत दारात आला.

"मावशी, काठी जरा जपून वापरा हं."

"का रं? तुझ्या पोटात दुखतंय?"

"दुखत न्हाय. काळजी वाटती. उद्या कुणाला लागली, तर प्रकरण चौकीत जायचं. मग कोर्टात. मारकुट्या भाडेकरणीला घरात ठेवा, असं कुठलं कोर्ट म्हणंल, सांगा की."

एवढं बोलून तो हसला. विठाबाईला कळायचं ते कळलं. एक फटका, चारचौघांच्या देखत. तेवढाच त्याला हवा होता. तो बसला की खोली गेली, गोठा गेला, चांदी बाजारात.

त्याच आठवड्यात बाळासोचा भाचा आला. हंबीरराव, शाहूवाडीकडचा. मान नसल्यासारखं डोकं खांद्यांवर ठेवलेलं, तोंडात सदा तंबाखू. कामधंदा काही नाही. सकाळी विठाबाई किटली घेऊन निघाली की बोळात उभं राहायचं, हेच त्याचं काम.

"पावणं, वाट सोडा," पहिल्या दिवशी ती म्हणाली.

"पावणं कुणाला म्हंतीस, म्हातारे? मामाचं घर हाय माझ्या. पावणी तू."

तो भिंतीला पाठ लावायचा, पण पाय आडवा ठेवायचा. ती पाय ओलांडेपर्यंत थांबायचा आणि मग तिच्या मागं थुंकायचा. कधी किटलीत वाकून बघायचा. "पाणी किती घाटलंस?" एकदा त्यानं चांदीच्या पाठीत दगड मारला. विठाबाईचा हात काठीवर आवळला, पांढरा पडला, आणि ती तशीच पुढं गेली. तोंडानं मात्र तिनं त्याच्या सात पिढ्या रस्त्यावर आणल्या. शिव्यांना कोर्ट नव्हतं.

तालमीच्या कट्ट्यावर गुंडूआण्णा बसलेले असत. वस्तादांच्या हाताखालचा हा शेवटचा गडी, आता दात गेलेला. त्यांना सगळं दिसत होतं.

"विठे, माझी लाठी न्हे. चांगली डोक्याइतकी उंच हाय."

"बोळात लाठी फिरवू का भिंती खरवडू? डोस्कं वापरत जावा कधीतरी."

"मग पोरं पाठवतो तालमीतली."

"नको. पोरं आली की बाळासो म्हणणार, म्हातारीनं गुंड आणलं."

आणि मग एका सकाळी हंबीररावनं काठीलाच लाथ घातली. ती काठीवर भार देत होती नेमकी तेव्हा. विठाबाई तोंडावर आपटली. किटली गडगडत रस्त्यावर गेली, दुधाचा पाट गटारीपर्यंत. माडीच्या खिडकीत नंदिनी होती, समोरच्या दुकानात दोघे होते, चार दारं उघडी होती. एकही माणूस पुढं आला नाही. नंदिनी जिन्याकडं धावली तर नवऱ्यानं दंड धरला. "आपल्याला दिवाळीपर्यंत राहायचंय इथं. नसत्या भानगडीत पडू नकोस."

विठाबाई भिंत धरून, नखांनी माती ओरबाडत उठली. उठताना तिनं वर बघितलं. परत खिडकीशी आलेली नंदिनी ती नजर पुढं कितीतरी दिवस विसरू शकली नाही. तीत मदत मागणं नव्हतंच. होता तो तिटकारा, तिच्यासकट सगळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी किटली डाव्या हातात, काठी उजव्या हातात, गुडघा फडक्यानं बांधलेला, अशी ती पुन्हा बोळात. हंबीरराव वाटच बघत होता.

"पावणं, वाट सोडा."

"सोडतो की. काठी दे आनि जा. बिनकाठीची चालून दाव, बघू दे गल्लीला."

त्यानं हात पुढं केला. तिनं पाठ भिंतीला टेकली. कालचं पडणं अजून हाडात होतं. काठी गेली तर आज उठणं नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. काठी उचलली तर खोली नाही, हेही दिसलं. त्याची बोटं चामड्याला लागली. बापाच्या चामड्याला.

"तमाचा!"

असा खणखणीत आवाज, की खिडक्या उघडल्या. हंबीररावला वाटलं, म्हातारी थोबाडीत मारायची धमकी देतेय. तो खो खो हसला, हात मागं घेतला आणि गाल पुढं केला.

"हाण की! हाण!"

वस्तादांच्या तालमीत हे नाव ऐकलेलं पोर खाली बसलं असतं. शाहूवाडीच्या गड्याला कोण सांगणार? भिंतीचा आधार होता, मनगट तेवढं फिरलं, आणि काठी त्याच्या डाव्या कानशिलावर बसली. तो भेलकांडला, सावरला, मूठ वळून अंगावर आला. विठाबाईनं किटली वर घेतली, पण जरा उशिरा. मूठ तिच्या खांद्याला घासून किटलीवर आदळली, पत्रा आत गेला, बोटं सोलली.

"शीर!" ती ओरडली.

आता मात्र त्याला अक्कल आली होती. त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि तिथंच उकिडवा बसला, चांदीच्या शेणात. वार आला नाही. विठाबाईनं काठी खाली टेकली होती. लोक जमले तरी तो डोकं धरून वाट बघत बसलेला.

दुपारी चौकीत बाळासो टोपी घालून हजर होता. त्याला हवं ते मिळालं होतं.

"काठीनं मारलंय साहेब. कान बघा."

हवालदारानं कान बघितला. मग विठाबाईकडं वळला. "काय केलंत?"

विठाबाई खोटं बोलत नसे. भीती म्हणून नव्हे, हट्ट म्हणून. "तमाचा दिला," ती म्हणाली.

"बघा, बघा!" बाळासो म्हणाला आणि मग तिचा शब्द ध्यानात येऊन थबकला.

"थोबाडीत मारली, एवढंच ना?" हवालदारानं विचारलं.

"तमाचा दिला. नाव घिऊन दिला. सगळ्या गल्लीनं ऐकलंय."

दारातून नंदिनी आत आली. नवऱ्याला न सांगता आली होती, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. "मी ऐकलं. तमाचा असंच ओरडल्या त्या. आणि ह्यांनी गाल पुढं केला. 'हाण की' म्हणाले. दोनदा. काल ह्यांनीच त्यांना लाथेनं पाडलं, तेही मी बघितलंय."

"काठीनं, साहेब! काठीनं!" हंबीरराव ओरडला.

"अरे, एका हातात भरलेली किटली. दुसऱ्या हातातली काठी उचलली, तर ही अधू बाई उभी कशावर ऱ्हायली?" हवालदार म्हणाला.

ह्याला हंबीररावकडं उत्तर होतं, पण दाराबाहेर तालमीची पोरं उभी होती. नाव घेऊन, सांगून-सवरून, एका लंगड्या म्हातारीनं आपल्यावर वार केला आणि दुसऱ्याच्या भीतीनं आपण शेणात बसलो, हे त्यांच्यापुढं बोलायचं?

"सांग की लेका!" बाळासोनं त्याला कोपरानं ढोसलं.

"तमाचा," हंबीरराव पायाकडं बघत म्हणाला. "आईच्या वयाची बाई. दिली एक."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. आत फक्त हवालदाराला ते हसू कळलं नाही. त्यानं बाळासोलाच दम भरला, म्हाताऱ्या बाईच्या वाटेत माणूस उभा केला म्हणून.

हंबीरराव त्याच संध्याकाळी शाहूवाडीच्या गाडीत बसला. बाळासोनं नळ काही सोडला नाही. तो तिला मावशी म्हणायचाही बंद झाला. बोळात समोर आली की तोंड फिरवून भिंतीला पाठ लावायचा. तेवढं विठाबाईला पुरत होतं. नंदिनीच्या भांड्यात दुसऱ्या दिवशी दूध जरा जास्त पडलं. "उपकार म्हणून न्हाय," विठाबाई म्हणाली, "हात हालला."

कट्ट्यावर गुंडूआण्णा तोंडाचं बोळकं पसरून बसले होते.

"तमाचा ब्येस बसला, विठे. पर फरी उचलायला उशीर केलास. वस्ताद असतं तर पोटरी फोडली असती."

विठाबाई थांबली. पत्रा आत गेलेली किटली तिनं त्यांच्या नाकासमोर धरली.

"दूध हुतं की फरीत," ती म्हणाली. "सांडलं असतं तर तुमचा बाऽ भरून देणार हुता?"