रारोटोंगातली यादी

काल कॅनडात, मिसिसागातल्या घरी, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसायला निघताना मी मॉइश्चरायझर समजून तोंडाला सनस्क्रीन फासलं. तेही उणे पंधरात! त्या नारळाच्या वासाने मला थेट बारा वर्षांपूर्वीच्या सुट्टीत, पॅसिफिकमधल्या रारोटोंगा बेटावर नेलं.

बेटावर काय काय करायचं याची मी एक्सेलमध्ये यादी केली होती. सुट्टीतही आमचं ऑफिस सुटत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून दादाचा फोन आला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले होते. परतीचं विमान दोन दिवसांनी होतं. मी कुणालाच काही बोललो नाही. यादीत पुढे स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघणं, होतं, म्हणून मुलांना घेऊन पाण्यात उतरलो. कोमट पाण्यात निळे मासे पायांना चाटून जात होते. “बाबा, लुक!” धाकटी ओरडायची आणि मी मान डोलवायचो. रडू आलं नाही. दुपारी चांगला दोनदा भात वाढून घेतला. तेव्हा वाटलं, काय धीराचा माणूस आहे मी! आज कळतं, नुसता बधिर झालो होतो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, वहिनींनी मला सकाळीच कळवलं होतं. काठावर बसून मी मुलांवर नाही, तुमच्यावर लक्ष ठेवून होते.”