वहिनीने न पुरवलेलं वाक्य

माझ्या वहिनीसमोर कोणालाही वाक्य पुरं करता येत नाही. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. माणूस "आमच्याकडे कालपासून..." एवढं म्हणतो न म्हणतो तोच ती "गढूळ पाणी, गल्ली सांगा" म्हणून मोकळी होते. घरीही तेच. दादाने तोंड उघडलं की पुढचं ती बोलून टाकते, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात दादाला अर्धंच बोलायची सवय लागली आहे. मी त्याची धाकटी बहीण, नणंद म्हणून थोडं टोचून बोलायचा माझा हक्क आहे, पण टोचायचं वाक्यही ती आधीच ओळखते.

यात दोष निम्मा तिचा, निम्मा नाटकाचा. कचेरी सुटली की ती एका हौशी मंडळीत प्रॉम्प्टर असते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची आणि नट अडखळला की प्रेक्षकांना कळणार नाही अशा बेताने त्याला पुढचा शब्द पुरवायचा. मंडळी तिला 'कुजबुज' म्हणतात. तिथले मुख्य नट म्हणजे अण्णा, निवृत्त चित्रकला शिक्षक. अंगकाठी भारदस्त, आवाज खणखणीत, पाठांतराच्या नावाने मात्र बोंब. वहिनी विंगेत नसती तर त्यांचं एकही नाटक शेवटाला पोचलं नसतं.

अशा बाईने एक दिवस स्वतःच नाटक लिहिलं. छापखान्याच्या तळघरात एक लहानसं थिएटर आहे, खुर्च्या घरोघरून मागून आणलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. तिथे दरवर्षी नवख्या लेखकांच्या नव्या नाटकांचा महोत्सव भरतो. प्रत्येकाला एकच प्रयोग मिळतो. आवडला तर पुन्हा बोलावतात, नाहीतर संहिता कपाटात जाते. वहिनीचं नाटक निवडलं गेलं तेव्हा दादा म्हणाला, "अरे वा, म्हणजे आता..." आणि ती म्हणाली, "हो, स्वयंपाक तुम्ही करायचा."

नाटकात माणसं दोनच. घर सोडून गेलेली मुलगी खूप वर्षांनी परत येते आणि बापाला विचारते, "मला शोधायला का नाही आलात?" बाप उत्तर देत नाही. शर्टाला बटण लावत बसून राहतो. मग कधीतरी म्हणतो, "दार लावून घे, वारा येतोय." बापाच्या त्या गप्प बसण्यासाठीच सगळं नाटक लिहिलंय, असं वहिनी आम्हाला सांगायची.

घोळ झाला तो तिथेच. पहिल्या सलग तालमीत मुलीने प्रश्न विचारला, बापाचं काम करणारे अण्णा ठरल्याप्रमाणे गप्प झाले आणि विंगेतून आवाज आला, "दार लावून घे." स्वतः लिहिलेल्या शांततेत वहिनी स्वतःच बोलली होती. सगळे पोट धरून हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं तेव्हा हसणारे कमी होते. त्यानंतरच्या तालमीत कोणीच हसलं नाही.

दिग्दर्शक वयाने लहान, पण समजूतदार. त्याने तिला बाजूला घेतलं. लेखिकेलाच ही जागा पेलवत नाही, शिवाय अण्णांची ख्याती सगळ्या गावाला माहीत, ते गप्प झाले की विसरले असंच लोक धरून चालणार, तेव्हा ही शांतता काढून टाकू, असं त्याचं म्हणणं. वहिनीचा चेहरा उतरला, पण तिने मान डोलावली नाही.

"शांतता राहील," ती म्हणाली. "माझ्या तोंडाचं काय करायचं ते मी बघते."

दुसरा प्रॉम्प्टर बसवावा तर अण्णा हटून बसले. कुजबुज विंगेत नसेल तर आपण तोंडाला रंगसुद्धा लावणार नाही म्हणाले.

मग वहिनीने गप्प बसण्याचा सराव मांडला. दादाने मुद्दाम अर्धं वाक्य बोलून थांबायचं आणि तिने ते पुरं करायचं नाही. "आज भाजीत..." म्हणून दादा थांबायचा आणि ही टेबलाची कड घट्ट धरून बसायची. मला हसू आवरायचं नाही. कचेरीतही तिने तेच आरंभलं. एका आजोबांना पहिल्यांदाच शेवटपर्यंत बोलू दिलं तेव्हा कळलं, ते नळ दुरुस्त झाल्याचं सांगायला आले होते. मागच्या दोन्ही खेपांना तिने त्यांची नवी तक्रार लिहून घेतली होती.

प्रयोग दुपारी होता. मी आणि दादा पहिल्या रांगेत अगदी कडेला बसलो होतो, तिथून विंगेतली वहिनी दिसत होती. मुलीने प्रश्न विचारला. अण्णा गप्प झाले. सुई वरखाली होत राहिली. मागे कोणीतरी खोकलं, मग तेही थांबलं. ठरलेला वेळ कधीच उलटून गेला होता. अण्णांनी हळूच विंगेकडे पाहिलं आणि ती नजर मला ओळखीची होती. अण्णा खरोखरच विसरले होते.

वहिनीलाही ते कळलं. तिने तोंडावर तळहात दाबून धरला होता. एक शब्द पुरवला असता तर प्रयोग सावरला असता. तिने हात काढला नाही. अण्णांनी विंगेकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि कुठूनच काही मिळेना तेव्हा शर्ट खाली ठेवून उठले, चालत गेले आणि उघडं दार स्वतःच लावून परत येऊन बसले. मुलगी रडायला लागली. ते तालमीत ठरलेलं नव्हतं. रडू मलाही आवरलं नाही, उगीच खोटं कशाला सांगू?

पडदा पडल्यावर अण्णा तिच्यावर तुटून पडले. "मी तिथे मेलो होतो, तू बघत काय बसलीस?"

"त्या बापाकडेही उत्तर नव्हतंच, अण्णा," वहिनी म्हणाली. "मी पुरवलं असतं तर ते माझं झालं असतं."

तिने पेन मागून घेतलं आणि संहितेतलं दाराचं वाक्य खोडलं. दिग्दर्शकाने आपल्या प्रतीतही खोडलं. महोत्सववाल्यांनी पुन्हा प्रयोगाला बोलावलं, ते नंतर.

त्या दिवशी आम्ही तिघं चालतच घरी निघालो. वाटेत दादा म्हणाला, "मला वाटलं होतं की..." आणि थांबला. आम्ही बरंच अंतर चाललो. वहिनी नुसती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्यालाच बोलावं लागलं.

"...की तुला हे जमणार नाही."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "म्हणून तर सोडलं नाही."