जोडीचा कप

बातमी आली तेव्हा मी आंबेनळी घाटात एसटीत डुलक्या घेत होते. घाटात फोनला रेंज नसते, त्यामुळे बातमी माझ्या पर्समध्ये शिरायला पोलादपूर स्टँड यावा लागला. तिथे उतरले आणि एकामागून एक मेसेज येऊन पडायला लागले, सगळे महाडच्या आमच्या मातीकामाच्या वर्गातल्यांचे. मी उघडलेही नाहीत. म्हटलं, रविवारचा वर्ग रद्द झाला असेल, त्यात एवढी बोंबाबोंब कशाला... घरी पोचले, चहा टाकला आणि मग वाचलं. वामनकाका सकाळी माती मळता मळता बसल्या जागी गेले होते. त्या चहाचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही.

महाडला गेले तेव्हा घरासमोर माणसं मावत नव्हती. मागच्या शेडमध्ये मात्र कुणीच नव्हतं. चाकं थांबलेली, आणि काकांच्या बसायच्या पाटाजवळ मळलेला मातीचा गोळा तसाच पडलेला. त्यावर ओलं पोतं टाकलेलं होतं. ते काकूंनी टाकलं होतं. नवरा डोळ्यांदेखत गेला आणि या बाईला माती सुकेल याची आठवण राहिली, याचं मला त्या दिवशी नवल वाटलं. आता वाटत नाही.

वामनकाका सकपाळ म्हणजे कुणी मोठे कलावंत नव्हेत. उभा जन्म औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेला. सुट्टीच्या वारी मोटारसायकल काढायची आणि घाटाच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या कुंभाराकडे जाऊन बसायचं, असं करत ते चाक शिकले. कुंभार नसलेला, त्यातून बौद्धवाडीतला माणूस चाकावर बसलेला पाहून दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. काकांनी ती मुरडू दिली. निवृत्त झाल्यावर वीर स्टेशनच्या रस्त्याला, घरामागे पत्र्याची शेड टाकली, चार चाकं बसवली, विटांची भट्टी बांधली आणि ज्याला यायचं त्याला या म्हणून सांगितलं. पाळी संपवून आलेले कामगार यायचे, बँकेतल्या बाई यायच्या, डोंगरावरच्या वाडीतून गुरं शेजारणीवर सोपवून आलेल्या बायका यायच्या. नवशिक्यांचा वर्ग वेगळा करा, असं मी एकदा मास्तरणीच्या सवयीने सुचवलं. काका म्हणाले, ‘बाई, चाकाला काय ठाव हाय, कोण नवा नि कोण जुना?’

मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावर वर्तुळ काढायचं तर मला कंपास लागतो. अशी बाई चाकावर कशाला गेली, तर आईमुळे. माझी भाकरी कधी गोल झाली नाही, शिवण कधी सरळ आली नाही, आणि आई आल्यागेल्या बाईला सांगायची, ‘हिच्या हाताला वळणच नाय गो.’ माझी चाळिशी उलटली तरी सांगायची. या हातांनी एकदा तरी काहीतरी धड करून तिच्यापुढे आपटायचं, एवढाच माझा उदात्त हेतू होता.

पहिले कित्येक रविवार माती माझ्या अंगावर जास्त आणि चाकावर कमी असायची. काका शेजारी उकिडवे बसून बघत राहायचे. लहानपणी गवत कापताना विळा लागून त्यांचा डावा अंगठा तिरका चिरला होता, ती चीर कधी बुजली नाही, नेहमी मातीने माखलेली असायची. चिडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. फक्त एक गोष्ट ते दर वेळी सांगत, ‘नखं कापून या, बाई. मातीला ओरबाडताय.’ मी कापली नाहीत. तेवढी एकच हौस होती मला. शेवटी एक कप उभा राहिला. पोटाशी जरा फुगलेला, पण उभा. त्याला कान लावताना खालच्या टोकाला अंगठा दाबला, तिथे नखाची तिरकी रेघ उमटली. काका ओलं फडकं घेऊन पुसायला आले. मी कप मागे ओढला आणि म्हटलं, ‘राहू द्या, काका. माझी खूण आहे ती.’ काका हसले, पण खुणा त्यांच्या नियमात बसत नव्हत्या.

त्यांचा नियम असा. भांड्यावर नाव घालायचं नाही, खूण करायची नाही. भट्टी निघाली की चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याच्या वाट्याला जे येईल ते घरी न्यायचं. आपलं आलं तर परत ठेवून दुसरी चिठ्ठी उचलायची. आपण केलेलं भांडं आपल्या घरात नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भांडलेच त्यांच्याशी. ‘भांडं कुणाच्या हातचं ते इचारायचं नाय,’ काका म्हणाले, ‘पाणी प्यायचं.’ महाडात राहणाऱ्याला यावर अधिक काही सांगावं लागत नाही. तरी मला पटलं नव्हतं.

भट्टी वर्षातून दोनदा लागायची, भाताची झोडणी झाली की एकदा आणि शिमग्याआधी एकदा. त्या दिवशी शेडला लग्नघराची कळा यायची. कुणी पेंढा आणायचं, कुणी गोवऱ्या, कुणी सगळ्यांसाठी पोहे. तळाचा थर काका आधीच लावून ठेवत, वरची भांडी आम्ही हातोहात देत असू. जाळ घालून झाला की भट्टी बंद, आणि मग दोन दिवस कुणी जवळ जायचं नाही. उघडायचे मात्र काका एकटेच, आम्ही येण्याआधी, भल्या सकाळी. आम्ही पोचेपर्यंत पोत्यावर भांडी ओळीने मांडून तयार. त्यांच्या भट्टीत भांडं फुटत नाही, ही गोष्ट दोन्ही तालुक्यांत सांगितली जायची. मीही कौतुकाने सांगत आले.

माझ्या कपाची भट्टी निघाली त्या सकाळी पोत्यावर तो दिसला. लालबुंद, देखणा. कानाखाली ती रेघ. बाकीच्यांची पाठ वळली तशी मी तो उचलला आणि डब्याच्या पिशवीत टाकला. वर्गात कॉपी धरणारी बाई मी! चिठ्ठ्या संपल्या तेव्हा एक भांडं कमी पडलं. काकांनी पोत्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘माझीच मोजणी चुकली. मला नको काय.’ ते रिकाम्या हाताने उठले. मी मान खाली घालून डबा आवरत राहिले.

घरी आईला त्या कपात चहा दिला. तिने तो फिरवून फिरवून पाहिला, नख मारून पाहिला. ‘तू केलास?’ मी हो म्हटलं. चहा संपवून कप खाली ठेवला, मग म्हणाली, ‘बरा हाय गो.’ माझ्या आईने आयुष्यात मला दिलेली ती एकमेव शाबासकी. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तिच्या माघारी तो कप म्हणजे माझं सर्टिफिकेटच झालं. पाहुण्यांपुढे मी तो मुद्दाम काढायची. काका एकदा पोलादपूरला आले होते, तेव्हा त्यांनाही त्यातच चहा दिला, इतका माझा निर्लज्जपणा. चोरी कबूल करायची ती संधी होती. मी म्हटलं, ‘ओळखलात का, काका? माझा.’ त्यांनी तो हातात फिरवला, कानाखाली पाहिलं आणि म्हणाले, ‘कान चांगला बसलाय, बाई.’ चहा प्यायले आणि गेले.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं. घरात सगळीकडे चिठ्ठीने आलेली आमची वेडीवाकडी भांडी मांडलेली होती, कलती बरणी, बसकं तांब्याएवढं काहीतरी, न बसणाऱ्या झाकणाचा डबा. काकू म्हणाल्या, ‘ह्यात त्यांच्या हातचं एक बी नाय गो. सगळं लोकांचं. मला त्यांच्या हातचं एक तरी शोधून दे. आण, मी ओळखीन.’ वर्षानुवर्षं चाकावर बसलेल्या माणसाच्या घरात त्याचं एक भांडं नसावं... मला फार वाईट वाटलं.

मी शोधायला निघाले. ज्याला विचारावं तो सांगे, माझ्याकडचं नक्की काकांचंच. महिनाभर हिंडून नऊ भांडी गोळा केली आणि एका रविवारी काकूंपुढे मांडली. पिशवीच्या तळाशी टॉवेलात माझा कपही होता, पण दाखवायला नव्हे. लोकांनी इतक्या विश्वासाने आपल्याकडचं भांडं काढून दिलं होतं की माझी चोरी मला खायला उठली होती, आणि ती आता काकूंपाशी तरी बोलून टाकायची होती. काकूंनी नऊच्या नऊ भांडी उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. ‘असंल बी, नसंल बी. नाय सांगता येत.’ मग मी टॉवेल सोडला. म्हटलं, ‘काकू, हा माझा आहे. चिठ्ठी न टाकता मी पळवला होता. त्या दिवशी माझ्यामुळे काका रिकाम्या हाताने उठले.’

काकूंनी कप घेतला. कानाखाली बघितलं. बोट त्या रेघेवरून सावकाश फिरलं, पुन्हा फिरलं. ‘हा त्यांचा अंगठा,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘नाही हो, माझं नख आहे ते.’

‘नखाची रेघ आत जाते, ही वर उठलीय बघ. इळ्याची चीर हाय ही.’ मग त्यांनी मला सगळं सांगितलं. भट्टीत नवशिक्यांची भांडी फुटायची. नवीन माणसाचं पहिलं भांडं तर बहुतेक वेळा फुटायचंच. म्हणून काका प्रत्येक नवीन माणसाच्या भांड्याला आठवड्यात तसंच जोडीचं भांडं करायचे आणि आम्ही यायच्या आत तळाच्या थरात लावायचे. सकाळी एकटे भट्टी उघडायचे ते यासाठी. फुटलेलं काढून जोडीचं मांडायचं. नाही फुटलं, तर जोडीचं स्वतःच्या हाताने फोडायचं. जे फुटेल त्याचे तुकडे कुटून पुढच्या मातीत. ‘भांड्यावरचा आपला अंगठा ते ओल्या फडक्यानं पुसायचे,’ काकू म्हणाल्या. ‘तुझ्या कपावर रेघ होती ना? मग ह्याच्यावरची कशी पुसणार? तेवढी एक ऱ्हायली.’

मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आधी रडले ती स्वतःसाठी. माझा कप केव्हाच कुटून मातीत गेला होता आणि आईचं ते ‘बरा हाय’ माझं नव्हतंच. मग आठवलं, ‘कान चांगला बसलाय, बाई.’ चोरी माहीत, कप कुणाचा ते माहीत, आणि समोर मी ‘माझा’ म्हणून मिरवतेय. ते एक शब्द बोलले असते तर मी कायमची मोडले असते. तो शब्द त्यांनी चहाबरोबर गिळला. अशा माणसाचे साधे आभारही मी मानले नाहीत.

कप मी काकूंकडेच ठेवला. त्या नको म्हणाल्या नाहीत. उठून शेडमध्ये गेल्या आणि पोत्याखालचा तो गोळा घेऊन आल्या. इतके दिवस त्या पोतं रोज ओलं करत होत्या. ‘एक ठेवलंस तर एक न्यायला पायजे. नियम हाय,’ म्हणाल्या आणि अर्धी माती तोडून माझ्या हातात दिली.

आता मी रविवारी तिथे जाते तेव्हा काकू त्या कपात चहा घेतात. त्यांचा अंगठा कानाखाली, रेघेवर असतो, आणि चहा निवून जातो. झोडणी झाली की यंदाही भट्टी लावायची, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. त्या मातीचा एक कप मी केलाय, नखं कापून. पोटाशी पुन्हा फुगलाय. तळात हवा राहिली असावी अशी मला शंका आहे, आणि फुटला तर या वेळी तो फुटलेलाच माझ्या हातात येईल. तो फळीवर सुकतोय. त्याच्या शेजारी एका कपाची जागा मी मोकळी ठेवली आहे.